डाव्या बॅकचे आकडे

३ फेब्रुवारी, मंगळवार

सात गोल! पहिल्या हाफमध्येच सात!

आजच्या चाचणीत माझी बॅकलाइन, म्हणजे बचावाची चार माणसं, बसची वाट बघत असल्यासारखी उभी होती. स्ट्रायकर मधून निघून गेला आणि चौघांनी माना वळवून त्याला निरोप दिला. हात हलवायचे तेवढे बाकी राहिले होते.

घाईसाहेब माझ्या खुर्चीमागे उभे. आमचे प्रमुख. "जरा घाई आहे" असं म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्यच सुरू होत नाही, म्हणून अख्ख्या मजल्यावर हेच नाव. म्हणाले, "घाई आहे. सगळ्यांचा टॅकल दोननं वाढव."

दोननं वाढव! आमटी अळणी झालीये का?

आमचा खेळ कॉम्प्युटरवरचा, पण लीगमधला प्रत्येक खरा खेळाडू त्यात असतो आणि प्रत्येकाला एक ते वीस असे आकडे. पडद्यावरचा माणूस धावतो, चुकतो, अडवतो ते या आकड्यांवर. पुढे खेळणाऱ्यांचे आकडे पलीकडच्या खोलीतले दोघं ठरवतात. बचाव एकटीचा — माझा. फॉरवर्डला सतरा आकडे आहेत. डावा पाय, उजवा पाय, फ्री किक, छातीवर चेंडू झेलणं. माझ्या माणसांना पाच! वेग, उडी, ताकद, टॅकल म्हणजे घुसून चेंडू हिसकावणं, एकाग्रता. संपलं.

का, तर म्हणे बचाव दिसत नाही. खरंच आहे. चांगला बचाव म्हणजे जे घडलंच नाही ते. ते मोजायचं कसं? पाच वर्षं झाली या खुर्चीत, अजून कळलेलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

टॅकल दोननं वाढवला. सगळे पायात घुसायला लागले, एका मॅचमध्ये नऊ पेनल्टी. आता बोला!

८ फेब्रुवारी, रविवार

ताईला ओढत मॅचला नेलं. तिला फुटबॉलचं वावडं, पण घरी बसून नववीचे पेपर तपासण्यापेक्षा बरं, म्हणून आली. गणित शिकवते ती. आम्ही दोघीच राहतो. जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर तिचे गठ्ठे, अर्ध्यावर माझा कॉम्प्युटर. जेवतो सोफ्यावर.

तिकिटं उरलीसुरली मिळाली. गोलच्या अगदी मागे, जिथून अर्धं मैदान दिसत नाही. आणि तिथे बसून जे ऐकलं —

गोलकीपर नव्वद मिनिटं बोलत होता! "सोड!" "मागे माणूस!" "वर या, वर!" टीव्हीवर यातलं काहीच येत नाही, गर्दीच्या गोंगाटात बुडून जातं. त्यानं मधल्या बचावपटूला, सेंटर बॅकला, सांगायचं, सेंटर बॅकनं शेजारच्याला, त्यानं पलीकडच्याला. चौघं मिळून एकाच वेळी पुढे सरकत होते, एकाच वेळी मागे. कोणी मागे वळून बघतसुद्धा नव्हतं. ऐकत होते!

ताई म्हणाली, "अगदी माझ्यासारखा आहे हा. तासभर घसा फोडायचा आणि शेवटी मार्क दुसऱ्यांना."

मी एकदम तिचा हात धरला. तिला वाटलं गोल झाला.

माझी माणसं बहिरी आहेत! म्हणून ती बसची वाट बघतात.

९ फेब्रुवारी, सोमवार

सहावा आकडा मांडला. नाव दिलं 'हाक'. हाक देणं आणि ऐकणं, दोन्ही मिळून एक आकडा. ज्याची हाक चांगली त्याला पाठीमागचं कळतं. ज्याची वाईट त्याला फक्त समोरचं.

घाईसाहेब म्हणाले, "आवाज? पडद्यावर आवाज दिसतो का? टॅकल दिसतो. माणूस घसरत जातो, गवत उडतं. लोकांना गवत उडलेलं आवडतं."

"पण साहेब, गोल का होतात ते—"

"घाई आहे. वीस मार्चला आकडे गोठवायचे, मग एकही हलणार नाही. हे नंतर बघू."

नंतर! आमच्या ऑफिसात 'नंतर' नावाचं एक मोठं कपाट असावं. माझ्या चार कल्पना आधीच त्यात कुजतायत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

गणित्याला पटवलं. पडद्यावरच्या माणसांना धावायला लावणारी गणितं हा लिहितो. दिवसभरात वीसेक शब्द बोलतो, त्यातले बारा आकडे. जेवणाच्या सुट्टीत माझं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, डबा बंद केला आणि म्हणाला, "चार दिवस." एवढंच.

साहेबांना सांगायचं नाही असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. तो गप्पच होता.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

चालली! हाक चालली!

गणित्याच्या पडद्यावर मॅच लावली. उजवीकडून विंगर, म्हणजे कडेनं धावणारा फॉरवर्ड, सुटला, गोलकीपरनं हाक दिली आणि चौघं — चौघंही! — एकदम दोन पावलं मागे. मध्ये भोक नाही. विंगरला चेंडू द्यायला माणूसच सापडेना. बिचारा गोल फिरत बसला. अख्ख्या मॅचमध्ये दोन गोल, आणि दोन्ही खऱ्यासारखे!

गणित्या म्हणाला, "सातवरून दोन." मी त्याला पाठीत धपका मारला. तो चष्मा सावरत म्हणाला, "दुखलं."

१८ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांना दाखवलं. पाच मिनिटं बघितलं त्यांनी. मला वाटलं, झालं काम.

"बरं आहे," म्हणाले. "पण गवत कुठंय?"

डोकं आपटावंसं वाटलं. आपटलं नाही. भिंत नुकतीच रंगवलीये.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

खाली स्वागतकक्षात बसणाऱ्या बाईंचा फोन आला. "एक गृहस्थ आलेत. बचावाचे आकडे कोण देतं म्हणून विचारतायत. चिडलेले नाहीत वाटत, पण बसायला तयार नाहीत."

गेले. बघितल्याबरोबर ओळखलं. तो मला ओळखत नव्हता, पण मी त्याला पाच वर्षं बघतेय. लेफ्ट बॅक, डाव्या कडेचा बचावपटू. पाठीवर तीन नंबर. एकाच क्लबात नऊ वर्षं. पडद्यावर दिसतो त्यापेक्षा उंच, आणि थकलेला. हातात घडी घातलेला कागद. उलगडून माझ्यापुढे धरला. आमच्याच खेळातलं त्याचं पान, गेल्या वर्षीचं. 'एकाग्रता ७' या ओळीभोवती पेनानं गोल.

"हे तुम्ही दिलं?"

"हो."

"का?"

कोणी खेळाडू कधी येऊन विचारेल असं पाच वर्षांत डोक्यात आलं नव्हतं. सांगितलं, गेल्या वर्षी दोन गोल तुमच्या बाजूनं झाले. दोन्ही वेळा तुमचा माणूस पाठीमागून सुटला. आणि रेकॉर्डिंगमध्ये तुमची मान सारखी इकडेतिकडे वळते. चेंडूवर लक्ष राहत नाही असं वाटलं.

तो शांतपणे म्हणाला, "माझा करार संपतोय. क्लबच्या माणसानं बोलणी करताना हा कागद टेबलावर ठेवला. म्हणाला, लोक हेच बघतात. मी तेहतीस वर्षांचा आहे बाई. वेग अकरा दिलात, बरोबर आहे. दहा दिला असता तरी भांडलो नसतो. पण लक्ष नाही म्हणता? नऊ वर्षांत मी लक्ष देण्याशिवाय दुसरं काहीही केलेलं नाही."

मी म्हटलं, "पुन्हा बघते." दुसरं काय म्हणणार!

वर येऊन जुनी नोंद काढली. कधी दिला होता तो सात, किती वेळात? त्या दिवशी मी सव्वीस खेळाडू संपवले होते. याच्या वाट्याला चार मिनिटं आली होती.

चार मिनिटं!

२५ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर फक्त तीन नंबर बघितला. चौदा मॅचेस. चेंडू कुठे का असेना, मी त्याच्यावरून नजर हलवली नाही.

समोर तोंड करून असतो तेव्हा हा माणूस चुकतच नाही. अर्धं पाऊल आधी जागेवर असतो. टॅकल करायची वेळच येऊ देत नाही, म्हणून त्याचे टॅकल कमी. आणि आम्ही त्याचेही गुण कापलेत! पण मागे वळून स्वतःच्या गोलकडे धावायला लागला की मान फिरू लागते. डावीकडे, डावीकडे, पुन्हा डावीकडे. ते दोन्ही गोल अशाच वेळचे.

घाबरतो म्हणावं, तर पाय घाबरलेले नाहीत. काहीतरी शोधतो. काय शोधतो?

साहेबांना म्हटलं, सात चूक आहे, बदलू या. तर म्हणाले, "एकजण दारात आला म्हणून आकडा बदलला तर उद्या खाली रांग लागेल. पुरावा आण." पुरावा! सात देताना कोणी मागितला होता का?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

काम शून्य. ताई म्हणाली, "तोंड का असं? मार्क कमी पडलेत का?" पडलेत. दुसऱ्याला. मी पाडलेत.

२ मार्च, सोमवार

फोन करून त्याला बोलावून घेतलं. म्हटलं, माझ्याबरोबर बसा, रेकॉर्डिंग बघू, तुम्हीच सांगा.

रेकॉर्डिंग बघायची खोली जिन्याखाली आहे. छोटी, तीन खुर्च्या, एक पडदा. त्याला उजव्या टोकाच्या खुर्चीत बसवलं, मी मधल्या, त्याच्या डावीकडे. पहिला गोल लावला आणि विचारलं, "इथे काय झालं?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. मनात म्हटलं, आला तरी कशाला मग! तेवढ्यात तो उठला, माझ्या पलीकडून जाऊन दुसऱ्या टोकाच्या खुर्चीत बसला. आता मी त्याच्या उजवीकडे.

"हं, बोला," म्हणाला.

मी आपलं बोलत सुटले. समोर तोंड असताना तुम्ही चुकत नाही. मागे धावताना मान वळते, दर दोन सेकंदांनी, नेहमी डावीकडे. दोन्ही गोल तेव्हाचेच. जणू काही —

आणि थांबले. नेहमी डावीकडे! आत्ता बदललेली खुर्ची! नको तेव्हा चालतं डोकं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "दार लावता?"

लावलं.

"नऊ वर्षांचा होतो, गालगुंड झालं. ताप उतरला आणि डावा कान गेला. पूर्ण. आईला माहीत होतं. बायकोला माहीत आहे. आता तुम्हाला."

"क्लबला?"

"तपासणीत गुडघे बघतात, छाती बघतात. कानात कोण डोकावतंय?" हसला थोडा. "म्हणून तर डावीकडे खेळतो. लहानपणीच ठरवलं. डाव्या हाताला मैदानाची रेष. रेषेपलीकडून कोण हाक मारणार? माझी सगळी माणसं उजवीकडे, चांगल्या कानाशी."

मी म्हटलं, "आणि मागे वळून धावलात की उलटं होतं."

"उलटं होतं. सगळे डावीकडे येतात. सेंटर बॅक ओरडतो, गोलकीपर ओरडतो, मला काही नाही. मग मान वळवतो. जे ऐकू येत नाही ते बघून घेतो."

"मला तर असे दोनच गोल सापडले."

"दोनच सापडले तुम्हाला? मला पाच माहीत आहेत."

दोघंही हसलो. मग तो गंभीर झाला. "क्लबला कळलं तर करार विसरा. म्हणतील, एवढी वर्षं फसवलंस. कोणाला सांगणार नाही ना?"

मी "नाही" म्हटलं. दिला शब्द. तो गेल्यावर पडदा चालूच होता. तोच पडद्यावर मान वळवत धावत होता, आणि मला बघवेना.

३ मार्च, मंगळवार

हाक मंजूर!!

हसू की रडू? वरच्या मजल्यावरच्या लोकांनी चाचणी बघितली, सातवरून दोन ऐकून खूश झाले. साहेब धावत आले. "जाहिरातीची पहिली ओळ ठरली — आता बचाव बोलतो! प्रत्येक खेळाडूची हाक वेगळी दाखवू. वीस तारखेच्या आत सगळे आकडे भर. घाई आहे!"

गेला महिनाभर याच वाक्यासाठी जीव टाकत होते. मिळालं. आणि पहिला विचार काय आला? हाक — म्हणजे त्याचा कान. जगभर छापायचा. वीसपैकी दोन.

६ मार्च, शुक्रवार

दोनशे बारा बचावपटूंपैकी दोनशे अकरा भरले. गणित्या माझ्या खुर्चीशी येऊन म्हणाला, "एक ओळ रिकामी आहे."

"माहीत आहे."

"कॉम्प्युटर रिकाम्याला शून्य धरतो."

"अरे माहीत आहे म्हटलं ना!" उगाच ओरडले त्याच्यावर. तो चष्मा सावरत निघून गेला. वाईट वाटलं, पण माफी मागायलाही तोंड उघडेना.

७ मार्च, शनिवार

खोटं टाकायचं ठरवून बसले. बारा. साधा, नजरेत न येणारा बारा. टाकला. खोडला. अकरा टाकला. खोडला.

मग खरा दोन टाकून चाचणी चालवली. नको होती चालवायला. समोरच्या टीमच्या कॉम्प्युटरला दहा मिनिटांत कळलं. प्रत्येक चेंडू त्याच्या पाठीमागे! पुन्हा, पुन्हा, तिथेच. खऱ्या आयुष्यात मान वळवून वळवून त्यानं जे सांभाळलं ते माझ्या खेळात नाही, कारण मान वळवण्याला आकडाच नाही. पडद्यावरचा तीन नंबर शेवटी नुसता उभा राहिला. असा कधीच उभा राहत नाही तो!

आणि खेळणारी पोरं पंधरा दिवसांत हे शोधून काढतील. मग त्याच्यासमोर येणारे खरे विंगरही.

८ मार्च, रविवार

ताई पेपर तपासत होती. नाव-गाव न सांगता विचारलं. "समज, तुझ्या वर्गातल्या एका मुलीला फळा नीट दिसत नाही. तिनं फक्त तुला सांगितलंय. तरी धडपडून चांगलं करते. तिला मार्क किती देशील?"

"पेपरात असतील तेवढे," मान वर न करता म्हणाली.

"आणि पेपरच फळा दिसण्याचा असेल तर? खरे मार्क दिलेस तर अख्ख्या शाळेला कळणार. खोटे दिलेस तर बाकीच्यांवर अन्याय."

आता तिनं पेन खाली ठेवलं. "असला पेपर काढला कोणी?"

"मी."

"मग मागे घे की! एवढं काय त्यात?" आणि पुन्हा पेन उचललं. पुढच्या मुलीला साडेतीन दिले.

एवढं काय त्यात म्हणे! स्वतःचं असतं तर कळलं असतं.

१० मार्च, मंगळवार

पेपर मागे घेता येत नसेल तर वेगळा काढता येईल का? एकेकाची हाक नाही. चौघांची मिळून एक. गोलकीपर आणि चौघं किती मॅचेस एकत्र खेळलेत त्यावर ठरणारी. ताईनं न बघता दाखवलेली वाट, पण हे जास्त खरंही आहे! त्या रविवारी गोलमागे बसून मी काय ऐकलं होतं? एकट्याचा आवाज नव्हताच तो.

गणित्याची माफी मागितली, मग त्याला विचारलं, होईल का? "तीन दिवस," म्हणाला. जाता जाता थांबून म्हणाला, "कारण विचारत नाही."

१३ मार्च, शुक्रवार

साहेबांशी भांडण. खरं भांडण, दार उघडं, सगळा मजला ऐकत होता.

"महिनाभर माझं डोकं खाल्लंस! हाक हवी, हाक हवी! वरून होकार आणला. जाहिरात छापायला गेली. प्रत्येक खेळाडूची हाक वेगळी! आणि आता म्हणतेस चौघांची एक?"

"चौघांची एक जास्त चांगली चालते. आकडे बघा ना. दोन गोल होते, आता दीड पडतायत सरासरी."

"आकडे मरू देत! लोकांना माणूस दिसायला हवा. कारण काय ते सांग."

कारण! जिभेवर होतं. एक वाक्य बोलले असते तर हा माणूससुद्धा वरमला असता. इतका वाईट नाही तो. पण शब्द दिला होता.

"मला तसंच बरोबर वाटतं," म्हटलं. किती पोकळ वाटलं ते! स्वतःच्या कानाला पोकळ.

ते एकदम शांत झाले. हे जास्त वाईट. "ठीक आहे. तुझं ठेवू, कारण आता दुसरं काही करायला वेळ नाही. पण वरच्यांना मीच तोंड देणार, तेव्हा पुढच्या वर्षीचा बचाव तुझ्याकडे नाही. मला भरवशाचं माणूस हवं."

पाच वर्षं. फळा पुसावा तशी पुसली.

१६ मार्च, सोमवार

नवीन काम मिळालं. बूट.

खरंच बूट! खेळाडू चेहऱ्याचे फोटो काढून घ्यायला येतात तेव्हा त्यांच्या बुटांचेही काढायचे. रंग, लेस, तळाचे खिळे. बचावाच्या खुर्चीत फॉरवर्डवाल्या खोलीतला एकजण येऊन बसलाय. मला विचारत होता, "एकाग्रता म्हणजे नक्की काय धरायचं हो?"

"चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ बघायचं," म्हटलं. त्याला कळलं नाही. जाऊ दे.

ताईला सांगितलं. तिला वाटलं मी गंमत करतेय. मग कळलं तेव्हा उठून दोन वाट्या खीर करून आणली, एक माझ्यापुढे ठेवली, दुसरीही माझ्यापुढे ठेवली.

१९ मार्च, गुरुवार

गणित्या माझ्या बुटांच्या टेबलाशी आला. कागद ठेवला. "माना मोजल्या. सगळ्यांच्या. कॉम्प्युटरनं."

बघितलं. कोणता बचावपटू मॅचमध्ये किती वेळा मान वळवून आजूबाजूला बघतो त्याची यादी. सगळ्यात वर तीन नंबर. चारशे अकरा वेळा! दुसऱ्या नंबरवाला दोनशे नव्वदवर.

"यातून काय निघतं?" मी जपून विचारलं.

"की सात चूक होता. इतकं कोणीच बघत नाही. साहेबांना पुरावा हवा होता ना?"

किती कळलंय त्याला? चेहऱ्यावरून काही कळत नाही त्याच्या. साहेबांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं नाही, आणि सही केली. एकाग्रता सतरा. गोठवायच्या एक दिवस आधी.

हे एक तरी खरं झालं.

२४ मार्च, मंगळवार

आकडे काल जाहीर झाले, आज त्याचा निरोप. "एक वर्ष वाढवून मिळालं. कागद पुन्हा टेबलावर आला नाही. तुमचा आकडा बघितला. बायकोला दाखवला." बस, एवढाच.

मी परत परत वाचला. आनंद व्हायला हवा होता. झाला. पण खरं सांगायचं तर रागही आला. बचावाची खुर्ची गेली, हाक अर्धीमुर्धी झाली, आणि का ते कोणालाच सांगता येत नाही. एक माणूस कान लपवत अजून एक वर्ष धावणार, एकटा, मान वळवत. आणि मी इथे लेस मोजणार. कोणाचं काय भलं झालं यात?

२७ मार्च, शुक्रवार

त्याच क्लबचा गोलकीपर आज फोटोला आला. बूट काढून देता देता म्हणाला, "बचावाचे आकडे देणाऱ्या बाई कुठे बसतात?" म्हटलं, मीच होते, आता बूट. त्यानं इकडेतिकडे बघितलं, खुर्ची जवळ ओढली आणि हळूच विचारलं, "हाक म्हणून काही करताय असं ऐकलं. आमच्या तीन नंबरला वेगळा आकडा नाही ना दिलात?" नाही म्हटलं. सुटल्यासारखा श्वास सोडला त्यानं. "त्याचा डावा कान गेलेला आहे. पहिल्या वर्षीच कळलं आम्हाला. तो मागे धावायला लागला की मी ओरडत नाही, त्याला दिसेल असा हात करतो. सेंटर बॅक त्याच्या उजवीकडे जाऊन बोलतो. सगळ्या लाइनला माहीत आहे. त्याला तेवढं माहीत नाही की आम्हाला माहीत आहे. कळलं तर दुसऱ्या दिवशी सोडेल खेळ. बोलू नका हं कुठे."

मी म्हटलं, "मला काहीच माहीत नाही."

तो हसला. "आम्हीही नऊ वर्षं हेच म्हणतोय."